दुभाष्याने ऐकलेली मृत्युपत्रे

मृत्युपत्र आपल्या समाजात जितक्या अनिच्छेने लिहिले जाते, तितक्या अनिच्छेने दुसरा कोणताही दस्तऐवज लिहिला जात नसेल. शेताचे खरेदीखत, घराचे गहाणखत, भावाभावांतील वाटणीपत्र, बहिणीचे हक्कसोडपत्र, या साऱ्यांची आपल्याला पिढ्यानपिढ्यांची सवय आहे; परंतु ‘माझ्या पश्चात’ या शब्दांनी सुरू होणारा कागद पुढे आला की मोठमोठे हिशेबी गृहस्थ पाणी प्यावयास उठतात, आणि परमुलखात स्थायिक झालेल्यांच्या बाबतीत तर या अनिच्छेला आणखी एका समजुतीचा आधार मिळतो, ती अशी की आपण इथे मुळी कायमचे नाहीच. तोक्यो येथे जपानी व मराठी या दोन भाषांमध्ये दुभाषी म्हणून काम करीत असताना, वकिलांच्या कचेऱ्यांत आणि नोटरींच्या समोर बसून, ही अनिच्छा आणि ही समजूत मी फार जवळून पाहिली आहे. दुभाष्याला गुप्ततेचे बंधन असल्यामुळे पुढील हकिकतीत नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.

तोक्योच्या पूर्वेस एदोगावा वॉर्डात निशी-कासाई नावाचा भाग आहे. इ. स. २००० च्या सुमारास संगणकांच्या वर्षगणनेचा घोळ निस्तरण्यासाठी जे भारतीय अभियंते या शहरात आले, त्यांना ओतेमाची आणि निहोन्बाशी येथील बँकांच्या व कंपन्यांच्या कचेऱ्यांकडे थेट नेणारी तोझाई भुयारी रेल्वे सोयीची वाटली आणि त्या मार्गावरील या वस्तीत ते राहू लागले. प्रथम एकटे, मग सहकुटुंब, मग भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात, असा त्यांचा क्रम झाला. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. तरुण म्हणून आलेली ती पिढी आता पन्नाशी-साठीत आहे, आणि माझ्याकडे येणारे काम त्यामुळे बदलले आहे. पूर्वी शाळाप्रवेश आणि घरभाड्याचे करार यांसाठी बोलावणी येत. आता मिळकतीच्या व्यवस्थेसाठी येतात.

या कामात पहिला गोंधळ होतो तो कोणाकडे जावे याचा. खटला, तंटा आणि वारसाहक्काचा सल्ला यांसाठी ‘बेंगोशी’ म्हणजे वकील, जमीनजुमल्याच्या नोंदीसाठी ‘शिहो-शोशी’, करासाठी ‘झेइरिशी’, आणि या सर्वांच्या शेवटी ‘कोशोनिन’ म्हणजे नोटरी. आपल्याकडे नोटरी म्हटले की तहसील कचेरीच्या आवारातील झाडाखालचे टेबल, त्यावरील तिकिटे आणि रबरी शिक्के डोळ्यांसमोर येतात, आणि आमची मंडळी त्याच हिशेबाने ‘एक शिक्का मारून घेऊ’ म्हणून निघतात. जपानमधील कोशोनिनाची नेमणूक न्यायमंत्री करतात; साऱ्या देशात ते जेमतेम पाचशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतील बहुतेक निवृत्त न्यायाधीश वा सरकारी वकील असतात. अशा माणसासमोर बसण्यापूर्वी सगळा मजकूर पक्का झालेला असावा लागतो, आणि तो पक्का करण्याचे काम वकिलाचे.

ज्या कुटुंबाची हकिकत मी सांगणार आहे ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. गृहस्थ निवृत्तीला आलेले, जपानचा कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला, नागरिकत्व मात्र भारताचेच. पत्नी, तोक्योत नोकरी करणारी कन्या, अमेरिकेत असलेला मुलगा, आणि पुण्याच्या घरी ऐंशी ओलांडलेली आई. मी त्यांना काका-काकू म्हणे. वकीलबाई निहोन्बाशी भागातल्या, परदेशी कुटुंबांच्या वारसाप्रकरणांचा अनुभव असलेल्या. तिकडच्या रिवाजाप्रमाणे सर्वजण त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत.

पहिल्या बैठकीस काका एका कागदावर चार ओळी लिहून घेऊन आले होते: निशी-कासाईचा फ्लॅट पत्नीला, पुण्याचा फ्लॅट कन्येला, गावची जमीन भावांकडे राहील, बाकी सर्व पत्नीला. हे एवढे जपानीत उतरवून द्यावे, अशी त्यांची अपेक्षा. सेन्सेईंनी तो कागद आदराने दोन्ही हातांनी घेतला, बाजूस ठेवला आणि विचारावयास आरंभ केला. फ्लॅट कोणाच्या नावावर, कर्ज किती उरले, विमा कोणता, बँकेची खाती किती. पुढे प्रश्न भारताकडे वळले तेव्हा असे दिसले की काकांना आपल्या मिळकतीची जेवढी माहिती होती त्याहून काकूंना अधिक होती: पुण्याच्या बँकेतील लॉकर दोघांच्या नावाने होता की सासूबाईंच्या, पोस्टातील कोणती खाती मुदत संपून तशीच पडली होती, आणि वाई तालुक्यातील जमिनीच्या सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या पश्चात चौघांची नावे लागली तेव्हा धाकट्या नणंदेने हक्कसोडपत्र दिले होते की नुसते ‘देईन’ म्हटले होते. हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे मी जपानीत समजावून सांगितल्यावर सेन्सेईंनी लेखणी थांबवून विचारले, “त्या बहिणीला त्याबद्दल काय मिळाले?” काका म्हणाले, “माहेर मिळाले.” मी तसेच भाषांतर केले. सेन्सेईंनी ते लिहून घेतले नाही.

भारतातील खात्यांना ‘नॉमिनी’ लावलेला आहे, तेव्हा तिथली चिंता नाही, असे काकांचे म्हणणे होते, आणि हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याचा उल्लेख करणे भाग आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले होते (जवळच्या नातलगांपुरता तिथला नियम २०१५ साली बदलला), आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. तो दुसरा वाद ज्यांच्या मिळकतीसंबंधी होता ते ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर. ज्या घरातील दिनदर्शिका आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असते, त्या घरातील प्रश्नावर झालेला निर्णय आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल.

दुसऱ्या बैठकीत तो प्रश्न आला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. जपानचा कायदा असा आहे की वारसाहक्क मृताच्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने ठरावा. २००६ साली झालेल्या आणि १ जानेवारी २००७ पासून अमलात आलेल्या अधिनियमाचे हे ३६ वे कलम. काका भारतीय, हिंदू, तेव्हा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम. परंतु भारतीय न्यायालये मानतात तो नियम म्हणतो की स्थावर मिळकत ज्या देशात आहे तिथल्या कायद्याने जाईल आणि जंगम मिळकत मृताच्या अधिवासाच्या कायद्याने. म्हणजे निशी-कासाईच्या फ्लॅटपुरता जपानने भारताकडे पाठविलेला प्रश्न भारत पुन्हा जपानकडे धाडतो, पत्ता चुकलेले टपाल पाठविणाऱ्याकडे परत यावे तसा. आणि जपानचा कायदा आपल्या ४१ व्या कलमान्वये तो मुकाट्याने स्वीकारतो. मृत्युपत्रात ‘मला अमुक देशाचा कायदा लागू व्हावा’ असे लिहून यातून सुटता येत नाही. जपान तशी मुभा देत नाही. राहिली जंगम मिळकत, बँकेतील ठेवी, रोखे. त्यांचे भवितव्य अधिवासावर, आणि अधिवास ठरतो तो माणसाच्या कायमच्या वास्तव्याच्या हेतूवर.

म्हणून सेन्सेईंनी विचारले, “शेवटी आपण कोठे राहणार आहात?”

काका म्हणाले, “दोनेक वर्षांत परत जाणार.” काकू काही बोलल्या नाहीत. सेन्सेईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि तोच प्रश्न त्यांना केला. “अहो, हे आपण इथे घर घेतले तेव्हाही तुम्ही म्हणाला होता,” असे काकू नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, आणि सेन्सेईंकडे पाहून शांतपणे पुढे म्हणाल्या, “लेक इथे आहे. मी इथेच राहणार.” मला दोघांचीही उत्तरे एकाच स्वरात सांगावयाची होती, आणि मी ती तशी सांगितली. परदेशी राहिलेल्या प्रत्येक मराठी घरात जो प्रश्न दर गणपतीला, दर दिवाळीला निघतो आणि हसण्यावारी नेला जातो, तोच एका जपानी बाईंनी कायद्याची आवश्यकता म्हणून, टिपणवही उघडी ठेवून विचारला होता, आणि त्याचे उत्तर पुरावा म्हणून वापरले जाणार होते. घर इथे, परवाना कायमचा, कन्या इथे; न्यायालय काय म्हणेल याचा अंदाज करणे अवघड नव्हते, पण काकांना तो मान्य करणे अवघड गेले, आणि त्या दिवशीची बैठक तिथेच संपली.

या उत्तराने प्रत्यक्षात फरक पडत होता तो आईला. मृत्युपत्र न करता काका गेले असते, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आई ही पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबरची पहिल्या वर्गाची वारस. चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा. जपानच्या दिवाणी संहितेप्रमाणे पत्नीला निम्मे, मुलांना मिळून निम्मे, आणि मुले असताना आईला काहीही नाही. एकाच माणसाच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये त्याची आई वारस आहे आणि तोक्योतील फ्लॅटमध्ये नाही, हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आईला वगळतात?” सेन्सेई म्हणाल्या की वगळणे असा त्यामागे हेतू नाही, संपत्ती पुढच्या पिढीकडे जावी अशी ती योजना आहे, आणि लगेच पुढे म्हणाल्या की कायद्याने न दिलेले आपण देऊ शकता, मृत्युपत्र त्यासाठीच असते.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र नाही. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत पुत्राचा हक्क जन्मानेच उत्पन्न होतो, आणि जिथे मुलगा आधीच सहभागी आहे तिथे बापाने मरताना कोणाला काय द्यावयाचे, हा प्रश्नच फारसा उरत नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रांना कायद्याचे रीतसर स्वरूप १८७० सालच्या अधिनियमाने आले. जपानची वाट वेगळी होती. १८९८ साली अमलात आलेल्या मेइजी संहितेत घराण्याचा प्रमुख गेला की सामान्यतः थोरल्या मुलाने सारे घराणे, मिळकत आणि अधिकार यांसह, उचलावयाचे अशी व्यवस्था होती. युद्धानंतर ती रद्द होऊन १९४८ पासून पत्नी वारस झाली आणि मुलगे-मुली समान पायावर आले. आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. आपण कुटुंबवत्सल आणि जपानी यंत्रवत्, असे जे बोलले जाते ते मला या खोल्यांत बसून कधीच पटले नाही.

आईसाठी तजवीज अशी निघाली. पुण्याचा फ्लॅट कन्येला, परंतु आजीला त्यात तहहयात राहण्याचा हक्क आणि तिच्या औषधपाण्याचा खर्च कन्येने करावयाचा. हे ऐकून सेन्सेईंनी सांगितले की मागे राहिलेल्या पत्नीला घरात तहहयात राहण्याचा स्वतंत्र हक्क जपानच्या कायद्यात १ एप्रिल २०२० पासून आला आहे. आईला तो नाही.

मुलाचे प्रकरण अधिक नाजूक होते. त्याच्या अमेरिकेतील शिक्षणाला भरपूर खर्च झालेला असल्यामुळे जपानमधील मिळकतीत त्याला काही ठेवू नये, असे काकांचे मत. भारतात स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र माणूस आपल्या मर्जीबरहुकूम करू शकतो. जपानमध्ये पत्नी, मुले आणि आईबाप यांना ‘इर्यूबुन’ नावाचा राखीव हिस्सा आहे, तो मृत्युपत्रानेही हिरावता येत नाही. काकांच्या मुलाचा कायदेशीर हिस्सा एक चतुर्थांश, म्हणून राखीव हिस्सा त्याच्या निम्मा, एक अष्टमांश. आणि २०१९ च्या जुलैपासून तो रोख पैशांच्या रूपाने मागता येतो, म्हणजे राहत्या घरातील विधवा आईने मुलाला रोकड मोजावयाची. काकांनी तिथूनच मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, मला काही नको. हे ऐकून आम्हा तिघांनाही बरे वाटले. सेन्सेईंना वाटले नाही. बापाच्या हयातीत राखीव हिस्सा सोडावयाचा तर कुटुंब न्यायालयाची परवानगी लागते, फोनवरचे औदार्य चालत नाही. शेवटी एक मुदतठेव त्याच्या नावे लिहिली गेली, राखीव हिश्श्याइतकी. माझ्या मते हे वकिलांनी केलेल्या कामांतील सर्वांत मोलाचे; मायलेकांतील एक भावी वाद त्यांनी तो जन्माला येण्यापूर्वीच मिटविला.

यानंतर अचानक सेन्सेईंनी विचारले, “आपल्या घरात पूजेची जागा आहे का?” दिवाणी संहितेच्या ८९७ व्या कलमाप्रमाणे वंशावळी, पूजेची साधने आणि थडगी ही मिळकतीच्या वाटणीत धरावयाची नसतात; पूर्वजांचे विधी जो पुढे चालविणार त्याच्याकडे ती जातात, आणि तो कोण हे मरणारा सांगून ठेवू शकतो. बौद्ध वेदी आणि थडगी यांसाठी झालेले हे कलम. त्यावर वारसा-करही नाही. काकूंनी देवघराचे वर्णन केले: सासूबाईंनी दिलेले चांदीचे टाक, खंडोबा, तुळजाभवानी, एक बाळकृष्ण, शंख, घंटा. थोरल्या मुलाकडे जावे हा रिवाज, पण मुलगा अमेरिकेत भाड्याच्या खोलीत, आणि नवरात्रात घट बसवते ती कन्या. तिचे लग्न झाल्यावर माहेरचा कुळाचार ती कसा चालविणार, अशी शंका काकांनी काढली. “तिला विचारू या,” काकू म्हणाल्या, आणि पुढच्या बैठकीस कन्या आली. तिने एकच विचारले, “आजीला चालेल ना?” पुण्यास फोन लावला गेला. आजींनी काय उत्तर दिले ते मी इथे सांगत नाही, पण टाकांच्या पुढे कन्येचे नाव लिहिले गेले.

भारतातील मिळकतीसाठी पुण्याच्या वकिलांकडून स्वतंत्र मृत्युपत्र करावयाचे होते. त्यांनी पाठविलेला मसुदा भाषांतरासाठी माझ्याकडे आला. सर्व ठीक होते. शेवटी मात्र आपल्याकडच्या प्रत्येक मृत्युपत्रात असते ते कलम होते, की हे माझे अखेरचे मृत्युपत्र असून यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. सेन्सेईंनी तिथे लाल रेघ ओढली. जपानचे मृत्युपत्र आधी आणि पुण्याचे नंतर झाले, तर त्या एका सवयीच्या वाक्याने इथली सारी मेहनत वाया जाण्याचा संभव होता. ‘भारतातील मिळकतीपुरती’ असे शब्द घालून ते दुरुस्त झाले. दोन देशांत दोन मृत्युपत्रे करणाऱ्या प्रत्येकाने ते कलम काढून पाहावे.

कराविषयी थोडक्यात. भारताने मृत्युकर १९८५ साली रद्द केला, त्यामुळे आपली माणसे या बाबतीत निर्धास्त असतात. जपानमध्ये तो १९०५ पासून, रशियाशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी सुरू झाला तेव्हापासून आहे: तीन कोटी येन आणि दर वारसामागे साठ लाख येन एवढी सूट, त्यापुढे दहा ते पंचावन्न टक्के, आणि दहा महिन्यांच्या आत भरणा. कायम वास्तव्याचा परवाना घेतलेल्याच्या बाबतीत भारतातील मिळकतही त्यात धरली जाते. काकांना हे झेइरिशींनी सांगितले तेव्हा ते पुन्हा एकदा म्हणाले, “म्हणून म्हणतो, परत जाऊ.”

नोटरींच्या समोरचा दिवस त्या मानाने लवकर आटोपला. दोन साक्षीदार लागतात; वारस, ज्यांना काही मिळावयाचे आहे असे लोक आणि त्यांचे निकटचे नातेवाईक चालत नाहीत, म्हणून वकिलांनी आपल्या कचेरीतील दोघे आणले होते. काकू आणि कन्येला बाहेर बसावयास सांगण्यात आले. नोटरींनी काकांना त्यांची इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगावयास लावली, कागद न पाहता. मग लेख वाचला, मी मराठीत सांगितला. शेवटी ‘फुगेन’ हा भाग होता. जपानी मृत्युपत्राच्या अखेरीस, कायद्याने काहीही बंधन नसलेला असा मजकूर लिहिण्याची ही प्रथा; अशी वाटणी का केली ते त्यात घरच्यांना सांगावयाचे. काकांनी तो मराठीत सांगितला होता आणि सेन्सेईंनी त्यातील मुलाला उद्देशून असलेले एक वाक्य गाळावयास लावले होते, कारण मेलेल्या माणसाने केलेल्या तक्रारीला उत्तर देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्या मृत्युपत्रांत हा भाग यावा असे मला मनापासून वाटते.

परदेशी माणसाला नुसती सहीसुद्धा चालते, १८९९ च्या कायद्यापासून. पण काकांनी घर घेतेवेळी वॉर्ड कचेरीत नोंदविलेला आपला शिक्का आणला होता, जपानी लिपीत आडनाव कोरलेला, आणि तो त्यांनी मोठ्या इतमामाने उमटविला. मराठी दप्तरांत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब होत असे. ती शिस्त आपल्याकडून गेली आणि इथे एका साताऱ्याच्या माणसाच्या हातून ती पुन्हा घडताना पाहून मला गंमत वाटली. दुभाषी म्हणून माझीही सही त्या लेखावर झाली.

मूळ लेख नोटरींच्या दप्तरी राहतो, प्रत घरी. अशा मृत्युपत्राला कुटुंब न्यायालयाची छाननी लागत नाही. १९८९ पासून झालेल्या सर्व नोटरी मृत्युपत्रांची नोंद एका देशव्यापी सूचीत असते. मृत्यूनंतर वारसाने मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेऊन जपानमधील कोणत्याही नोटरी कार्यालयात जावे, शोध विनामूल्य होतो. पण शोधावयास जाणाऱ्याला शोधण्याजोगे काही आहे हे ठाऊक असले पाहिजे. म्हणून जपानमधील मराठी कुटुंबांना माझे सांगणे एवढेच, की मृत्युपत्र केले असेल तर ते कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेस झाले ते आजच पत्नीला आणि मुलांना सांगा. आणि केले नसेल, तर वकिलाकडे जाण्यापूर्वी मिळकतीची यादी करावयास बसा, आणि त्या वेळी घरातील बाईला शेजारी बसवा.